कार्डाची वाट : अमेरिकेच्या लहान गावांतून जाणारा गोल्फचा हंगाम

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक गोल्फचा जो चेहरा दूरचित्रवाणीवर दिसतो तो एलपीजीए टूर या सर्वोच्च स्पर्धामालिकेचा असतो; मात्र त्या मालिकेत शिरू पाहणाऱ्या असंख्य खेळाडूंची वाट मार्च ते ऑक्टोबर या काळात विंटर हेवन, बोमाँट, गार्डन सिटी, बॅटल क्रीक, हॅरिस अशा गावांवरून जाते, आणि अमेरिका पाहायला निघालेल्या परदेशी प्रवाशाच्या यादीत ही गावे सहसा नसतात. या वाटेवरच्या मालिकेला २०२२पासून एप्सन टूर असे नाव आहे. तिच्या हंगामात वीसच्या आसपास स्पर्धा होतात, त्या बहुधा तीन दिवसांच्या, म्हणजे चोपन्न होलच्या असतात, आणि पहिल्या दोन दिवसांत सर्वांत कमी फटक्यांत खेळलेल्या साधारण साठ जणीच तिसऱ्या दिवशी मैदानावर उतरतात. उरलेल्यांना बक्षिसाच्या रकमेतील एक छदामही न मिळता पुढच्या गावाचा रस्ता धरावा लागतो. या गाळणीला ‘कट’ म्हणतात. हंगाम संपताना क्रमवारीत अग्रभागी असलेल्या खेळाडूंना, पूर्वी दहा जणींना आणि २०२४पासून पंधरा जणींना, एलपीजीए टूरवर खेळण्याचा परवाना मिळतो, ज्याला या वर्तुळात सगळे नुसते ‘कार्ड’ म्हणतात. आणि आठ महिन्यांची सारी धावपळ त्या एका कार्डासाठी चाललेली असते.

या मालिकेचा आरंभ १९८१ साली फ्लोरिडातील टॅम्पाच्या परिसरात झाला. एलॉइज ट्रेनर या खेळाडूने आजूबाजूच्या मैदानांवर होतकरू मुलींसाठी लहान बक्षिसांच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली, पुढे या मालिकेला फ्युचर्स टूर हे नाव मिळाले, १९९९मध्ये एलपीजीए या संघटनेने तिला आपली अधिकृत विकास-मालिका मानले आणि २००७मध्ये ती विकतच घेतली. तिची इतर नावे पुरस्कर्त्यांची आहेत : आधी एक औषध कंपनी, मग सिमेट्रा ही विमा कंपनी, आता छपाईयंत्रे बनवणारी जपानी कंपनी. पुरुषांकडची समांतर मालिका १९९०मध्ये बेन होगन टूर या नावाने सुरू झाली आणि पुरस्कर्ते बदलत बदलत २०१९पासून कॉर्न फेरी टूर झाली. भारतीय वाचकाला ही दुसरी मालिका थोडी अधिक परिचयाची असण्याचे कारण असे, की पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने २०१५च्या शरद ऋतूत तिच्याच अखेरच्या स्पर्धांतून पुरुषांच्या सर्वोच्च मालिकेचे, म्हणजे पीजीए टूरचे, कार्ड मिळवले होते. महिलांच्या बाजूला कोलकात्याच्या स्मृती मेहरा १९९७मध्ये एलपीजीए टूरवर पोहोचल्या आणि तेथे खेळणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. तरीही महिलांच्या विकास-मालिकेविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, आणि अमेरिकेचा अंतर्भाग समजून घेण्याची एक वाट त्यामुळे दुर्लक्षित राहिली आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या हंगामाची रचना तमाशाच्या फडांवरून चटकन कळू शकेल, कारण फडही जत्रायात्रांच्या तारखा धरून गावोगाव फिरतात, वाटेत सारा संसार गाडीत असतो आणि हंगाम संपला की पुढच्या वर्षाची चिंता सुरू होते. फरक आहे तो पैशाच्या दिशेचा. नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावकरी येऊन फडाला सुपारी देतात. गोल्फच्या या मालिकेत मात्र खेळाडूच प्रत्येक स्पर्धेचे प्रवेशशुल्क भरते, प्रवासाचा, जेवणाचा आणि मुक्कामाचा खर्च सोसते, आणि कट पार केला तरच तिच्या हाती काही पडण्याची शक्यता निर्माण होते. स्पर्धेची एकूण बक्षीस-रक्कम दोन लाख डॉलर असेल तर विजेतीला त्याचे पंधरा टक्के, म्हणजे तीस हजार डॉलर मिळतात; तेथून आकडे भराभर उतरत जातात आणि तळाशी राहिलेल्या खेळाडूचा त्या आठवड्याचा खर्चही जेमतेम निघतो. पुरुषांच्या कॉर्न फेरी टूरवर अलीकडच्या हंगामांत नेहमीच्या स्पर्धेची एकूण रक्कम दहा लाख डॉलर आणि विजेत्याचा वाटा एक लाख ऐंशी हजार डॉलर असतो. एकाच खेळाच्या, एकाच पायरीवरच्या दोन मालिकांमधील ही तफावत अन्यायकारक आहे, आणि ती प्रेक्षकसंख्येच्या हिशेबाने समजावून सांगता आली तरी समर्थनीय ठरत नाही.

असे असूनही ही मालिका चार दशकांहून अधिक काळ टिकून आहे. ती कोणाच्या आधारावर टिकली, या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या ताळेबंदात पूर्णपणे सापडत नाही. ते रस्त्यावर, गावागावांत शोधावे लागते.

अलीकडच्या अनेक वर्षांत हंगामाची सुरुवात मध्य फ्लोरिडातील विंटर हेवन येथे मार्चमध्ये झाली आहे. हा पोल्क परगणा संत्र्यांचा, आणि येथल्या स्पर्धेला नाव देणारी फ्लोरिडाज नॅचरल ही संस्था म्हणजे शेजारच्या लेक वेल्स गावी १९३३मध्ये उभी राहिलेली संत्रा-बागायतदारांची सहकारी संस्था होय. सहकारी साखर कारखान्यांच्या छायेत वाढलेल्या मराठी प्रवाशाला भांडवलशाहीच्या या माहेरघरात बागायतदारांच्या सहकारी संस्थेने महिला गोल्फचा हंगाम उघडावा, याचे नवल आणि कौतुक दोन्ही वाटेल. मार्च हा तेथे संत्र्याच्या मोहराचा काळ. बागेजवळून जाणाऱ्या गाडीची काच खाली असेल तर तो गोड, किंचित जड वास आत भरून राहतो. पण बागा विरळ होत चालल्या आहेत. २००५मध्ये फ्लोरिडात ग्रीनिंग हा रोग आढळला. सिट्रस सायला या इवल्याशा किडीतून पसरणाऱ्या जिवाणूमुळे झाडाच्या अन्नवाहिन्या बंद पडतात, फळ वेडेवाकडे आणि हिरवेच राहते, आणि झाड काही वर्षांत वठते. विदर्भातल्या संत्रा उत्पादकाला या रोगाची आणि या किडीची वेगळी ओळख करून द्यायला नको. २००३-०४च्या हंगामात फ्लोरिडात सुमारे एक्केचाळीस किलोंची एक अशा चोवीस कोटींहून अधिक पेट्या संत्री निघाली होती. २०२२-२३मध्ये, आधीच्या सप्टेंबरातील इयन चक्रीवादळाचाही तडाखा बसल्यावर, हा आकडा दोन कोटींच्याही खाली गेला. ज्या शेतकऱ्यांचे पीक असे हातचे जात होते त्यांच्या संस्थेने याच काळात खेळाडूंसाठी बक्षिसाची रक्कम उभी केली आणि स्पर्धेतून धर्मादाय कार्याला मदत केली, ही गोष्ट क्रीडापानावरच्या निकालात दिसत नाही, म्हणून येथे नोंदवणे अगत्याचे आहे.

फ्लोरिडाहून मालिका पश्चिमेकडे वळते, आणि जिला विमानाचे तिकीट परवडत नाही अशा खेळाडूसाठी हे वळण म्हणजे सुमारे चार हजार किलोमीटरचा मोटारप्रवास असतो. त्याचा बहुतांश भाग आंतरराज्य महामार्ग क्रमांक दहावरून होतो, जो अटलांटिक किनाऱ्यावरील जॅक्सनव्हिलपासून प्रशांत किनाऱ्यावरील सँटा मोनिकापर्यंत गेला आहे. त्यातला एकट्या टेक्सास राज्यातील टप्पाच सुमारे चौदाशे किलोमीटरचा भरतो. पुष्कळदा दोघी-तिघी एका गाडीत जातात, इंधनाचा खर्च वाटून घेतात आणि आळीपाळीने गाडी चालवतात. मागच्या बाजूला गोल्फच्या जड पिशव्या, घडीची ढकलगाडी, पावसाळी कपडे, तांदूळ शिजवायचे विजेचे भांडे आणि कपड्यांच्या बॅगा अशा रचलेल्या असतात, की मुक्कामी पोहोचल्यावर सगळे बाहेर काढल्याशिवाय हवी ती वस्तू हाताला लागत नाही. कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा आणि मैदानाविषयी सल्ला देणारा सोबती, ठेवायचा तर त्याचा आठवड्याचा मोबदला द्यावा लागतो; म्हणून अनेक जणी ढकलगाडीवर स्वतःची पिशवी स्वतः लोटतात, किंवा वडील, भाऊ, गावातलाच एखादा हौशी माणूस हे काम करतो.

कॅलिफोर्नियातील बोमाँट हे गाव सॅन गोर्गोनियो खिंडीच्या तोंडाशी आहे. दोन्ही बाजूंना तीन हजार मीटरहून उंच शिखरे आणि मधल्या फटीतून वाळवंटाकडे धावणारा वारा अशी येथली भूरचना असल्यामुळे महामार्गाच्या कडेने पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत, आणि उंच मारलेला चेंडू या वाऱ्यात पंधरावीस मीटर सहज भरकटतो. स्पर्धा ज्या टुकवेट कॅनियन मैदानावर खेळली जाते ते मोरोंगो या आदिवासी समाजाच्या मालकीचे आहे, आणि येथे प्रवाशाने थोडे थांबून या समाजाचा एक खटला समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या अर्ध्या हंगामाचा अर्थ त्यात दडलेला आहे. अमेरिकेतील मूळ निवासी समाजांना संघराज्याने राष्ट्रे म्हणून मान्यता दिलेली असून त्यांच्या राखीव भूमीवर राज्य सरकारचा अंमल मर्यादित असतो. कॅलिफोर्नियातील कॅबझॉन आणि मोरोंगो या दोन छोट्या समाजांनी आपल्या भूमीवर बिंगो आणि पत्त्यांचे खेळ सुरू केले, राज्याने ते बंद करू पाहिले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी या समाजांच्या बाजूने निर्णय दिला. दुसऱ्याच वर्षी संसदेने या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा केला, आणि देशभरातल्या अनेक आदिवासी राष्ट्रांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्यातून बाहेर पडण्याचे एक साधन मिळाले. जुगारावर उभ्या राहिलेल्या संपत्तीविषयी नैतिक शंका घेता येते, आणि ती घ्यावीही. परंतु ज्यांची जमीन, नद्या आणि शिकारीची राने काढून घेतली गेली त्यांच्यापुढे दुसरे कोणते पर्याय शिल्लक ठेवले होते, हेही त्याच वेळी विचारायला हवे. या पैशातून दवाखाने, शाळा, घरे झाली, आणि गोल्फची मैदानेही झाली.

ॲरिझोनातील टूसॉन येथे हेच सूत्र पुढे जाते. तेथील स्पर्धा पास्क्वा याकी समाजाच्या कॅसिनोच्या नावाने होते; मेक्सिकोतील छळातून पळून आलेल्यांच्या वंशजांच्या या समाजाला संघराज्याची मान्यता १९७८मध्ये मिळाली. त्यांचे सेवायलो हे मैदान नोटा बेगे याच्या आराखड्यानुसार घडले आहे. नावाजो वंशाचा हा खेळाडू स्टॅनफर्ड विद्यापीठात टायगर वुड्सचा सहखेळाडू होता, आणि पुरुषांच्या विकास-मालिकेत असताना १९९८मध्ये त्याने एका फेरीत अवघे एकोणसाठ फटके घेतले होते. अठरा होलसाठी साधारण बहात्तर फटके अपेक्षित असतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे मोल कळते. दुय्यम मालिकेच्या वाटेवरून वर गेलेल्या माणसाने आखलेल्या मैदानावर आज त्याच पायरीवरच्या मुली खेळतात. आजूबाजूला हात वर केल्यासारखे साग्वारो निवडुंग, भुरकट डोंगर आणि त्यांच्या मधोमध पाण्याचे प्रवाह आखून काढलेली ती हिरवळ पाहताना वाळवंटात एवढे पाणी खर्चावे का, हा प्रश्न दुष्काळी मुलखातून आलेल्या कोणाच्याही मनात उठेल, आणि तो मैदानाच्या देखणेपणाने मिटत नाही.

मालिकेचा आणखी एक मुक्काम कॅन्ससच्या पश्चिम भागातील गार्डन सिटी येथे असतो. क्षितिजापर्यंत सपाट शेती, धान्याची उंच कोठारे आणि अखंड वारा असलेल्या या प्रदेशात आर्कान्सा नदीच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे, आणि बफेलो ड्यून्स हे नगरपालिकेच्या मालकीचे मैदान त्या टेकड्यांवर वसवलेले आहे. भारतात गोल्फ हा लष्करी छावण्यांचा आणि श्रीमंत क्लबांचा खेळ समजला जातो. गावची नगरपालिकाच मैदान चालवते आणि शाळकरी मुले माफक शुल्कात तेथे खेळतात, ही येथली व्यवस्था त्यामुळे लक्ष वेधून घेते.

यजमान कुटुंबांची पद्धत समजून घ्यायला अशा गावांइतकी चांगली जागा नाही. स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधी स्वयंसेवकांची समिती गावातल्या घरांची यादी करते, आणि ज्यांची मुले शिक्षणासाठी बाहेर गेली आहेत, ज्यांच्याकडे एखादी खोली रिकामी आहे, अशी कुटुंबे खेळाडूंना आठवडाभर विनामूल्य ठेवून घेतात. सकाळी साडेसहाला खेळ सुरू करायची वेळ मिळालेल्या मुलीसाठी यजमानीणबाई पहाटे चारला उठून अंडी आणि पाव भाजतात, फ्रिजचा एक कप्पा पाहुणीसाठी मोकळा केलेला असतो, धुण्याचे यंत्र कसे चालवायचे ते पहिल्याच संध्याकाळी दाखवलेले असते, आणि कट पार झाला की तिसऱ्या दिवशी घरातले सगळे, म्हातारे आजोबासुद्धा घडीच्या खुर्चीसकट, मैदानावर हजर होतात. कट चुकला तर त्या रात्री जेवणाच्या टेबलावर खेळाचा विषय कोणी काढत नाही. कित्येक यजमान त्याच खेळाडूला दर वर्षी बोलावतात, तिच्या लग्नाला जातात, ती वर पोहोचल्यावर दूरचित्रवाणीसमोर बसून तिचा प्रत्येक फटका मोजतात. हॉटेलचे आठवड्याचे भाडे वाचणे हा या पद्धतीचा आर्थिक लाभ खरा, पण महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणाऱ्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला कोणाच्या तरी स्वयंपाकघरात सहज वावरता येणे, याची किंमत डॉलरमध्ये काढता येत नाही.

गार्डन सिटीची आणखी एक बाजू आहे. १९८०च्या सुमारास शेजारच्या हॉलकम्ब गावाजवळ गोमांस प्रक्रियेचा प्रचंड कारखाना सुरू झाला आणि त्यात काम करायला व्हिएतनामहून आलेले निर्वासित, मेक्सिकन मजूर आणि नंतर सोमाली लोक या गहू-मक्याच्या गावात वस्तीला आले. आज तेथे कॅन्ससच्या अन्य गावांत न ऐकू येणाऱ्या कितीतरी भाषा बाजारात ऐकू येतात. २०२१मध्ये येथली स्पर्धा जिंकणारी लिलिया वू हिच्या आजोबांनी १९८२मध्ये स्वतः बांधलेल्या बोटीतून कुटुंबासह व्हिएतनाम सोडले होते, आणि समुद्रात अमेरिकी नौदलाच्या जहाजाने त्या सर्वांना वाचवले होते. लॉस एंजेलिसमधील विद्यापीठाच्या संघातून चमकलेली ही खेळाडू २०१९मध्ये एलपीजीए टूरवर गेली, पण त्या संपूर्ण हंगामात तिला केवळ एकदाच कट पार करता आला; कार्ड गेले, आणि खेळ सोडून कायद्याचे शिक्षण घ्यावे असा विचार तिने केला होता. ती परत आली ती याच दुय्यम मालिकेत, तेव्हाच्या सिमेट्रा टूरवर. २०२१मध्ये तिने गार्डन सिटी, न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीजवळची स्पर्धा आणि इंडियानातील साउथ बेंड अशा तीन ठिकाणी विजय मिळवून कमाईच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला. आणि २०२३मध्ये शेव्हरॉन चॅम्पियनशिप आणि ब्रिटनमधील महिला ओपन या दोन प्रमुख स्पर्धा जिंकून ती जगातील अव्वल खेळाडू झाली. विकास-मालिका ही नुसती वर जाण्याची शिडी नसून, वरून पडलेल्याला पुन्हा उभे राहण्याची जागाही असते, हे तिच्या उदाहरणाने जितके ठसते तितके कोणत्याही नियमावलीने ठसणार नाही.

उन्हाळ्यात मालिका उत्तरेला, मोठ्या सरोवरांच्या प्रदेशात सरकते, आणि येथे या प्रवासातील सर्वांत विलक्षण गोष्ट समोर येते. मिशिगनमधील बॅटल क्रीक, त्याच राज्याच्या उत्तर द्वीपकल्पातील हॅरिस आणि इंडियानातील साउथ बेंड या तिन्ही ठिकाणच्या स्पर्धांमागे ज्या कॅसिनोंचे पाठबळ उभे राहिले आहे ते तिन्ही पोटावाटोमी या एकाच मूळ लोकसमूहाच्या वेगवेगळ्या शाखांच्या मालकीचे आहेत. सप्टेंबर १८३८मध्ये साउथ बेंडच्या दक्षिणेला असलेल्या ट्विन लेक्स या ठिकाणाहून सुमारे साडेआठशे पोटावाटोमींना बंदुकांच्या पहाऱ्यात कॅन्ससकडे चालवत नेण्यात आले. दोन महिन्यांच्या आणि हजारभर किलोमीटरच्या त्या वाटेत चाळीसहून अधिक माणसे मरण पावली, त्यांत बहुतेक लहान मुले होती. पोकागन शाखेच्या लोकांनी १८३३च्या शिकागो तहात आपल्यापुरती सवलत मिळवून मिशिगनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात कसाबसा पाय रोवला, आणि त्यांना संघराज्याची मान्यता परत मिळायला १९९४ साल उजाडावे लागले. साउथ बेंडच्या स्पर्धेला त्यांच्याच फोर विंड्स कॅसिनोचे नाव आहे. ज्या लोकसमूहाला या भूमीवरून हुसकले गेले त्याच्याच शाखा आज त्याच भूमीवर यजमान आहेत; कोरिया, थायलंड, मेक्सिको, स्वीडन, चीन आणि अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या मुलींना त्या खेळायला मैदान आणि जिंकायला पैसा देतात, आणि त्या निमित्ताने स्थानिक धर्मादाय संस्थांनाही निधी मिळतो. या गोष्टीचा उल्लेख स्पर्धेच्या जाहिरात-फलकांवर एका चिन्हापुरता असतो, पण फलकामागची ही हकिगत प्रत्येक खेळाडूला आणि प्रेक्षकाला ठाऊक असायला हवी.

हॅरिसजवळचे स्वीटग्रास हे मैदान २००८मध्ये खुले झाले. तंबाखू, देवदार, सेज आणि स्वीटग्रास या चार वनस्पती पोटावाटोमींच्या धर्मविधींत पवित्र मानल्या जातात, आणि त्यांतल्या एका सुगंधी गवताचे नाव मैदानाला दिले आहे. होलची नावेही त्यांच्याच परंपरेतून घेतलेली आहेत. चोपन्न होल संपल्यावर येथे दिसणारे एक साधे दृश्य या खेळाच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगते. अठराव्या होलजवळच्या लहानशा तंबूत खेळाडू आपापली गुणपत्रिका तपासायला बसतात. गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूच्या फटक्यांची नोंद तिच्यासोबत खेळणारी प्रतिस्पर्धीच करते. दोघी एकेका होलचे आकडे मोठ्याने वाचतात, मैदानाच्या नोंदवहीतल्या पेन्सिलीच्या खुणांशी ताडून पाहतात, बोट ठेवून पुन्हा मोजतात आणि मगच सह्या करतात. प्रत्यक्षापेक्षा जास्त आकड्यावर सही झाली तर तो आकडा तसाच धरला जातो. कमी आकड्यावर झाली तर खेळाडू स्पर्धेतून बाद होते. ज्या एका फटक्यावर कार्ड मिळणे किंवा हुकणे ठरू शकते, त्या फटक्याचा हिशेब प्रतिस्पर्ध्याच्या हाती विश्वासाने सोपवलेला असतो.

ऑगस्ट उलटला की गुणतालिका पाहण्याची पद्धत बदलते. पहिल्या पाचसात जणींचे कार्ड जवळपास निश्चित झालेले असते, चाळिसाव्या क्रमांकापलीकडच्या अनेक जणी पात्रता फेरीच्या तयारीला लागतात, आणि खरी ओढाताण मर्यादारेषेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्यांची होते. आर्कान्सातील एल डोराडो, अलाबामातील प्रॅटव्हिल अशा दक्षिणेकडच्या गावांतून मालिका अखेरच्या स्पर्धेकडे जाते. ही अखेर कित्येक वर्षे फ्लोरिडातील डेटोना बीचला, एलपीजीएच्या मुख्यालयाशेजारच्या मैदानावर होत असे, आणि २०२४मध्ये ती कॅलिफोर्नियातील इंडियन वेल्स येथे झाली. कार्ड मिळालेल्यांचा समारंभ तेथेच होतो, खांद्यावर मोठे फलक घेतलेल्या मुलींची छायाचित्रे सर्वत्र छापून येतात, आणि त्यांच्या यशाचा आनंद निर्भेळ असतो.

परंतु ज्यांना कार्ड मिळत नाही त्यांच्याविषयीही लिहिले गेले पाहिजे. मो मार्टिन ही खेळाडू या मालिकेत सलग सहा वर्षे खेळली. सहा वर्षे म्हणजे सहा मार्च, सहा ऑक्टोबर आणि मधली सारी गावे. तिच्यासोबत सुरुवात केलेल्या कित्येक जणी तोवर शाळेत क्रीडाशिक्षिका झाल्या, कोणी विमा विकू लागली, कोणी महाविद्यालयीन संघाची प्रशिक्षक झाली. मार्टिन २०१२मध्ये एलपीजीए टूरवर गेली आणि २०१४च्या महिला ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल बर्कडेलच्या अठराव्या होलवर दुरून मारलेला तिचा चेंडू ध्वजाच्या काठीला लागून जवळच थांबला. त्या एका होलवर दोन फटके वाचवून तिने ती प्रमुख स्पर्धा जिंकली. अशी उदाहरणे थोडी असतात, आणि त्यांच्या बळावर इतरांनाही थांबा, वाट पाहा असे सांगणे सोपे असते. पण बहुसंख्य खेळाडूंच्या बाबतीत काही वर्षांनी पैसा संपतो, शरीर कुरकुरू लागते, किंवा आयुष्यात दुसरे काही करावेसे वाटते, आणि त्यात अपयशाचा डाग मानण्याचे काहीच कारण नाही. विद्यापीठांतील खेळांत मुलींना समान संधी देणे बंधनकारक करणारा १९७२चा कायदा नसता तर यांतल्या कितीतरी जणी या वाटेवर आल्याच नसत्या; शिष्यवृत्तीवर पदवी घेऊन आलेल्या या मुलींजवळ, गोल्फ सुटला तरी, उभे राहायला दुसरा आधार असतो, हे त्या कायद्याचे फार मोठे देणे आहे.

कार्ड न मिळालेल्या खेळाडू त्यानंतर पात्रता फेऱ्यांना सामोऱ्या जातात, ज्यांची शेवटची फेरी अलीकडच्या वर्षांत डिसेंबरमध्ये अलाबामातील मोबील शहराजवळच्या मॅग्नोलिया ग्रोव्ह या मैदानावर झाली. तेथे चांगले खेळणाऱ्या काही जणींना एलपीजीएचे दार त्या वाटेनेही उघडते, आणि ज्यांना ते उघडत नाही त्यांच्या हाती पुढच्या वर्षीच्या एप्सन टूरचे सभासदत्व राहते. जानेवारीत नव्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर होते, त्यात एखादे जुने गाव पुरस्कर्ता न मिळाल्याने गळालेले असते, एखादे नवे जोडलेले असते, आणि विंटर हेवनसारख्या गावांत स्वयंसेवकांच्या समित्या पुन्हा रिकाम्या खोल्या असलेल्या घरांची यादी करायला घेतात.